देवळाच्या प्रांगणातील नाटक आणि आवाजाची मर्यादा

गोमंतकात देवालय आणि रंगभूमी यांचा संबंध इतका जुना व जिव्हाळ्याचा आहे की, एकाचा विचार दुसऱ्यास वगळून करता येत नाही. पालखी देवळात परतावी, आरत्या व्हाव्यात, तीर्थप्रसाद वाटला जावा आणि मग प्रांगणात पडदा वर जावा, हा उत्सवाचा क्रम पिढ्यान् पिढ्या चालत आला. महाजनांच्या घरचे तरुण रंगमंचावर उभे राहत, त्यांचेच वडीलधारे समोर चटयांवर बसून त्यांचे गुणदोष हेरीत आणि दुसऱ्या दिवशी पंगतीत त्याची चर्चा होई. कोणत्या वर्षी कोणते नाटक झाले, कोणती भूमिका कोणी गाजविली, यासंबंधी स्मरणिकांतून वेळोवेळी लिहिले गेले आहे. परंतु या परंपरेच्या एका अंगाचा इतिहास सहसा कोणी लिहीत नाही. ते अंग म्हणजे नाटकाचा आवाज. तो केवढा असे, कोणाच्या ताब्यात असे आणि आज तो कोणाच्याच ताब्यात का राहिलेला नाही, याचा विचार करण्याची वेळ आता येऊन ठेपली आहे. कारण या प्रश्नाशी खुद्द उत्सवी नाटकाचे आयुष्य निगडित झाले आहे.

शास्त्र आणि वास्तू

नाट्यगृह केवढे असावे, हा प्रश्न भरतमुनींच्या नाट्यशास्त्रात दुसऱ्याच अध्यायात येतो. तेथे ज्येष्ठ, मध्यम व कनिष्ठ अशी नाट्यगृहाची तीन मापे सांगून मनुष्यांसाठी मध्यम प्रमाणाचे, म्हणजे ६४ हात लांब व ३२ हात रुंद असे गृह योग्य ठरविले आहे. हात सुमारे दीड फुटाचा धरला तर हे गृह ९६ फूट लांब व ४८ फूट रुंद होते. त्याहून मोठे गृह बांधू नये, असे सांगताना दिलेले कारण लक्षात घेण्यासारखे आहे. मोठ्या गृहात पात्राचे शब्द अस्पष्ट होतात आणि मुखावरील भाव दिसेनासे होतात, हे ते कारण होय. नाट्यगृह पर्वतातील गुहेसारखे असावे, त्यास खिडक्या थोड्या असाव्यात व आत वारा खेळू नये, म्हणजे आवाज गंभीर उमटतो, असेही तेथे सांगितले आहे. अर्थात, आपल्या पूर्वजांनी नाट्यगृहाचे माप ठरविले ते मनुष्याच्या कंठावरून. गृह मोठे करून मागाहून आवाज वाढविण्याचा मार्ग त्यांच्यापुढे नव्हता.

गोमंतकातील देवालयांच्या रचनेतही आवाजाविषयीचा हाच विवेक आढळतो. मोठ्या आवाजाची वाद्ये देवळात होती आणि ती भरपूर होती. परंतु नगारा व चौघडा यांची जागा बाहेर, प्रवेशद्वारावरील नगारखान्यात असे आणि तो वाजविण्याच्या वेळा ठरलेल्या असत. त्याचा आवाज दूरवर जावा, हाच त्याचा हेतू होता. कारण तो गावाला वेळ सांगत होता. सभामंडपात मात्र कीर्तनकाराची वाणी, टाळ आणि मृदंग यांचे राज्य असे, आणि गर्भागारात मंद घंटानादापलीकडे काही नसे. मोठ्या आवाजास देवळात मज्जाव नव्हता, पण त्यास जागा नेमलेली होती आणि वेळही नेमलेली होती. प्रांगणातील नाटक या दोहोंच्या मध्ये बसत असे.

कंठाच्या बळावर उभी असलेली रंगभूमी

विष्णुदास भावे यांनी १८४३ साली सांगली येथे ‘सीतास्वयंवर’ केले आणि ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यास अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘संगीत शाकुंतल’ रंगभूमीवर आले. ‘सौभद्र’ १८८२ साली, ‘शारदा’ १८९९ साली, ‘मानापमान’ १९११ साली आणि ‘एकच प्याला’ १९१९ साली आले. संगीत नाटकाची ही लाट गोमंतकात पोहोचली, तेव्हा तिला येथे तयार भूमी मिळाली. दशावतारी काला येथील लोकांच्या अंगवळणी पडलेला होता, आणि देवळात गायनसेवा करणाऱ्या कलावंत घराण्यांत संगीताची विद्या पिढीजात होती. ५ ऑक्टोबर १९१० रोजी पोर्तुगालमध्ये प्रजासत्ताक आले व येथील हिंदू समाजास मोकळा श्वास घेता आला. त्यानंतर हौशी नाटक मंडळींस विशेष भर आला. मंगेशीस १९०० साली जन्मलेल्या दीनानाथ मंगेशकरांनी १९१८ साली सहकाऱ्यांसह बळवंत संगीत मंडळी स्थापिली. गानतपस्विनी मोगूबाई कुर्डीकर यांचाही आरंभीचा काळ नाटक मंडळींतच गेला.

या सर्व काळात रंगभूमीवर आवाज वाढविणारे कोणतेही यंत्र नव्हते. प्रकाशासाठी गॅसबत्त्या टांगलेल्या असत; त्यांचा ‘सूं’ असा आवाज सतत चालू असे. बाहेर जत्रेतील खाज्याच्या दुकानांवर वर्दळ असे. अशा स्थितीत नटाचा शब्द शेवटच्या चटईपर्यंत पोहोचविणे ही विद्या होती, आणि ती तालमीतच शिकविली जाई. शब्दाचे शेवटचे अक्षर गिळू नये, वाक्याच्या अखेरीस श्वास संपू देऊ नये, तोंड विंगेकडे वळवून बोलू नये, इत्यादी नियम तालीम मास्तर घोटून घेत. ओरडणे आणि आवाज पोहोचविणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे त्या काळच्या नटास पहिल्या महिन्यातच कळे. कारण जो ओरडे त्याचा गळा दुसऱ्या अंकात बसे आणि पहाटेपर्यंत चालणारे नाटक त्यास पेलवत नसे.

८ जुलै १९२१ रोजी मुंबईच्या बालीवाला थिएटरात ‘संयुक्त मानापमान’ झाले. बालगंधर्व आणि केशवराव भोसले या दोन प्रतिस्पर्धी मंडळींच्या धुरंधरांनी टिळक स्वराज्य फंडासाठी एकत्र येऊन केलेला तो प्रयोग होता. गर्दीने भरलेल्या त्या नाट्यगृहात ध्वनिवर्धक नव्हता. बालगंधर्वांचे गाणे लोकांच्या स्मरणात राहिले ते माधुर्यामुळे, आणि दीनानाथांचे राहिले ते तडफेमुळे. परंतु ही तडफही गळ्याची होती. गळ्याच्या तडफेस निसर्गानेच सीमा घातलेली असते. माणूस कितीही जोरात गायला तरी तो शेजारच्या वाड्यावरील आजाऱ्याची झोप मोडू शकत नाही.

दुसरी गोष्ट अशी की, आवाज लहान असल्यामुळे श्रोत्यांसही शिस्त लागत असे. नाटक ऐकावयाचे तर गप्प बसणे भाग होते. शब्द निसटला की मागून कोणीतरी ‘श्शू’ करी आणि सारे प्रांगण शांत होई. शांतता ही श्रोत्यांनी नटास दिलेली देणगी होती.

ध्वनिवर्धकाचे आगमन

ध्वनिवर्धकाचा जन्म पाश्चात्त्य देशांतील. १९१५ च्या नाताळात अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्को शहरी जाहीर समुदायापुढे त्याचा प्रयोग झाला. आज सर्वत्र दिसतो त्या धर्तीचा लाउडस्पीकर १९२५ साली सिद्ध झाला. हिंदुस्थानात १९३० नंतरच्या दशकात राष्ट्रीय सभेच्या अधिवेशनांतून व जाहीर सभांतून तो लोकांच्या परिचयाचा झाला. गोमंतकातील बहुतेक खेड्यांत मात्र १९६१ च्या मुक्तीनंतरच वीज आली, आणि विजेबरोबर ध्वनिवर्धक देवळाच्या प्रांगणात आला.

त्याचे स्वागत झाले, आणि ते होणे योग्यच होते. प्रेक्षकांची संख्या वाढली होती. चटया जाऊन खुर्च्या आल्या होत्या, आणि खुर्ची माणसास अधिक जागा लावते. तेवढ्याच माणसांना बसविण्यास प्रांगण अधिक लांबवर भरू लागले. मागे बसणाऱ्या स्त्रियांस व वृद्धांस नाटकातील अर्धे शब्द ऐकू येत नसत, ते येऊ लागले. पहाटेपर्यंत ओरडून गळा खराब करून घेण्याचा हौशी नटाचा त्रासही वाचला. ध्वनिवर्धकाचा खरा गुण तर याहून सूक्ष्म होता. नटास हळू बोलण्याची मुभा त्याने प्रथमच दिली. हुंदका, पुटपुटणे, स्वगतातील अर्धवट वाक्य अशा गोष्टी, ज्या पूर्वी पहिल्या दोन रांगांपलीकडे जात नसत, त्या सर्वांच्या कानी पडू शकत होत्या. दि गोवा हिंदु असोसिएशनच्या कला विभागाने १९६४ साली ‘मत्स्यगंधा’ आणि १९७० साली ‘नटसम्राट’ रंगभूमीवर आणले. मंगेशीचे सुपुत्र पंडित जितेंद्र अभिषेकी यांनी ‘मत्स्यगंधा’स दिलेले आटोपशीर, भावपूर्ण संगीत नव्या काळाच्या अभिरुचीस अनुसरून होते.

परंतु हळू बोलता यावे म्हणून जे साधन आले, त्याच साधनाने पुढे मोठ्याने बोलण्याची चढाओढ लावली.

आरंभी रंगमंचावर दोन-तीन माइक टांगलेले असत. नट संवाद म्हणण्यासाठी त्यांच्याखाली येऊन उभे राहू लागले आणि रंगमंचावरील हालचाल त्या दोन-तीन जागांशी बांधली गेली. विंगेतील प्रॉम्प्टरची कुजबूजही प्रेक्षकांस ऐकू जाऊ लागली. आवाज थोडा अधिक वाढविला की कर्णकटू शिट्टी वाजे. त्यामुळे या काळातही आवाजास एक सीमा राहिली होती. पुढे यंत्रे सुधारली, शिट्टी आवरता येऊ लागली आणि अंगावर लावण्याचे बिनतारी माइक आले. ध्वनिफितीवरील पार्श्वसंगीत आले. पायपेटीची जागा विजेच्या वाद्यांनी घेतली. पूर्वी मेघगर्जनेसाठी विंगेत पत्रा हलवीत; त्या जागी यंत्रातून येणारा गडगडाट छातीत धडकी भरवू लागला. भाड्याने ध्वनियंत्रणा पुरविणारे व्यावसायिक झाले, आणि कोणाचे खोके अधिक मोठे, यावर त्यांची प्रतिष्ठा मोजली जाऊ लागली. ज्या सीमा निसर्गाने आणि यंत्राच्या अपुरेपणाने घातल्या होत्या, त्या सर्व नाहीशा झाल्या. नवी सीमा घालण्याचे काम कोणाचे, हे मात्र कोणी ठरविले नाही.

आवाज वाढतो कसा

आवाज वाढविणारा मनुष्य दुष्टबुद्धीने तसे करतो असे नाही. बहुधा त्यास ते कळतही नाही. ध्वनियंत्रणा चालविणारा पुष्कळदा रंगमंचाच्या बाजूस किंवा पाठीमागे बसलेला असतो. प्रेक्षकांना काय ऐकू येते, ते त्यास ऐकू येत नाही. शिवाय मोठा आवाज सतत ऐकल्याने कान तात्पुरता बधिर होतो. पहिल्या अंकात जो आवाज त्यास पुरेसा वाटतो, तोच तिसऱ्या अंकात कमी वाटू लागतो आणि तो खटका थोडा पुढे सरकवितो. तबलजीस आपले वाद्य ऐकू येत नाही म्हणून तो वाढवावयास सांगतो. मग गायकास आपला गळा ऐकू येत नाही.

प्रेक्षकांचेही असेच होते. १९११ साली, म्हणजे ज्या वर्षी ‘मानापमान’ रंगभूमीवर आले त्याच वर्षी, एतिएन लोंबार नावाच्या फ्रेंच कर्णरोगतज्ज्ञाने एक निरीक्षण प्रसिद्ध केले. भोवती गोंगाट असला की मनुष्य नकळत आपला आवाज चढवितो, असे ते निरीक्षण होय. नाटकाचा आवाज मोठा झाला की शेजाऱ्याशी बोलणारा प्रेक्षक अधिक मोठ्याने बोलतो, आणि प्रेक्षक बोलतात म्हणून नाटकाचा आवाज आणखी वाढविला जातो. पूर्वीच्या शांततेची देणगी अशा रीतीने दोन्ही बाजूंनी संपली.

आवाज डेसिबल या मापाने मोजतात. साधे संभाषण सुमारे ६० डेसिबलचे असते. हे माप सरळ बेरजेचे नाही. १० डेसिबल वाढले की कानास आवाज सुमारे दुप्पट झाल्यासारखा वाटतो. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की आवाज ६ डेसिबलने उतरतो. आता रंगमंचाजवळ दोनच मोठे खोके ठेवून ३२ मीटरवरील शेवटच्या रांगेस ८० डेसिबल पोहोचवावयाचे ठरविले, तर १६ मीटरवर ८६, ८ मीटरवर ९२ आणि ४ मीटरवर ९८ डेसिबल होतात. आणि उत्सवी नाटकात सर्वांत पुढे, खोक्यांच्या अगदी समोर, कोण बसते? घरची लहान मुले.

८५ डेसिबलचा आवाज आठ तासांहून अधिक सोसू नये आणि प्रत्येक ३ डेसिबलला ही मुदत निम्मी करावी, असा कारखान्यांतील कामगारांसाठी एक सर्वमान्य हिशेब आहे. त्या हिशेबाने ९८ डेसिबलची मुदत अर्धा तासही भरत नाही. नाटक तर तीन तासांचे असते. कानाच्या आतील शंखाकृती भागात ध्वनी टिपणाऱ्या सूक्ष्म केशपेशी असतात. त्या एकदा मेल्या की मनुष्याच्या शरीरात पुन्हा उत्पन्न होत नाहीत. दात पडला तर कवळी बसविता येते, मोतीबिंदू काढता येतो. पण अशा रीतीने गेलेली श्रवणशक्ती परत येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ साली संगीत व मनोरंजनाच्या स्थळांसाठी एक मानक प्रसिद्ध केले. त्यात आवाजाची पंधरा मिनिटांची सरासरी १०० डेसिबलच्या वर जाऊ देऊ नये, आणि आवाजावर लक्ष ठेवण्यासाठी जबाबदार माणूस नेमावा, असे सांगितले आहे. १०० ही कमाल सीमा आहे. ती गाठलीच पाहिजे असे नव्हे.

कायदा आणि रात्र

जे काम मर्यादेने व्हावयाचे ते झाले नाही, की कायद्यास यावे लागते. केंद्र सरकारने २००० साली ध्वनिप्रदूषणाचे नियम केले. त्यांनुसार निवासी भागातील आवाजाची मर्यादा दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबल आहे, आणि रात्र म्हणजे १० ते सकाळी ६ पर्यंतचा वेळ. या वेळात उघड्या जागी ध्वनिवर्धक लावण्यास मनाई आहे. बंदिस्त सभागृहात आतल्या आत मात्र तो वापरता येतो. धार्मिक वा सांस्कृतिक उत्सवासाठी राज्य शासन वर्षातून १५ दिवसांपर्यंत रात्री १० ते १२ अशी सूट देऊ शकते. त्याच वर्षी ३० ऑगस्ट रोजी सर्वोच्च न्यायालयाने, कोणताही धर्म इतरांची शांतता भंग करून प्रार्थना करावयास सांगत नाही, असा निर्वाळा दिला. पुढे १८ जुलै २००५ च्या निकालाने रात्रीचे बंधन अधिक दृढ झाले, आणि २०१० च्या दुरुस्तीने ध्वनिवर्धकाबरोबर वाद्यांचाही त्या बंधनात समावेश झाला.

येथे परंपरेवर आलेला खरा प्रसंग दिसून येतो. पालखीनंतर सुरू होऊन पहाटे संपणारे नाटक हे गोमंतकाचे वैशिष्ट्य होते. मध्यरात्रीनंतर रंगणारा दशावतारी काला तर पखवाज, झांज आणि पेटी यांवर चालतो. त्या पखवाजाने शेकडो वर्षांत कोणाची तक्रार ओढवून घेतली नव्हती. परंतु मोठमोठ्या खोक्यांच्या गर्जनेसाठी जो नियम करावा लागला, त्याच्या कक्षेत बिचारा पखवाजही आला. सुक्याबरोबर ओलेही जळते, ते असे. कायद्यास दोष देण्यात अर्थ नाही. परीक्षेचा अभ्यास करणारा विद्यार्थी, तान्हे मूल आणि अंथरुणास खिळलेला वृद्ध यांचा झोपेवरील अधिकार खरा आहे. दोष द्यावयाचाच तर तो आपली मर्यादा आपण न ओळखणाऱ्यांस द्यावा लागेल. आवाज हाताबाहेर गेला आणि त्याची किंमत म्हणून नाटकाने आपली रात्र गमावली.

महाजनांचे कर्तव्य

देवस्थानाच्या कारभारात अध्यक्ष, मुखत्यार, चिटणीस व खजिनदार यांची कामे ठरलेली आहेत. सोन्याचांदीच्या वस्तूंची यादी असते, पालखीच्या मानाचा क्रम असतो, समया किती पेटवाव्यात यालाही नियम असतो. मग उत्सवात आवाज किती असावा, यासच तेवढा नियम का नसावा? नगारखान्याची जागा व वेळ ज्यांनी ठरविली, त्यांच्या वंशजांस हे काम अवघड वाटू नये.

उपाय खर्चाचे नाहीत. रंगमंचाजवळ दोन मोठे खोके ठेवण्याऐवजी प्रांगणाच्या दोन्ही बाजूंस थोड्याथोड्या अंतरावर लहान लाउडस्पीकर ठेवावेत; म्हणजे मागच्यास ऐकू येण्यासाठी पुढच्याचे कान फोडावे लागत नाहीत. ध्वनियंत्रणा चालविणाऱ्याची बैठक प्रेक्षकांच्या मध्ये असावी. ध्वनिमापक यंत्र घेऊन एखाद्या जाणत्या महाजनाने प्रत्येक अंकात एकदा तरी पुढच्या रांगेत व देवस्थानाच्या सीमेवर माप पाहावे. ध्वनियंत्रणेचा करार करतानाच आवाजाची कमाल मर्यादा लेखी घालावी. लहान मुलांस खोक्यांसमोर बसू देऊ नये. पालखीची वेळ अलीकडे आणून नाटक सायंकाळी लवकर सुरू करता आले, तर कायद्याची अडचणही पुष्कळशी दूर होते. आणि उत्सवातील एखादे तरी नाट्यप्रवेश वा नाट्यगीतांचे सत्र सभामंडपात, ध्वनिवर्धकाविना, दिवेलागणीच्या सुमारास ठेवून पाहावे. नव्या पिढीच्या नटास आपला शब्द शेवटच्या माणसापर्यंत पोहोचविण्याची विद्या त्यानिमित्ताने पुन्हा शिकावी लागेल, आणि श्रोत्यांस गप्प बसण्याची.

उत्सवी नाटकात हौशी नट जेव्हा रंगमंचावर येतो, तेव्हा प्रथम देवास नमस्कार करतो. नाटक ही देवापुढील सेवा आहे, हा त्या नमस्काराचा अर्थ. देवास ऐकू जाण्यासाठी मोठा आवाज लागत नाही, आणि माणसास ऐकू जाण्यासाठी किती लागतो, हे मोजून ठरविता येते. त्याहून अधिक जो आवाज, तो सेवेत मोडत नाही. ही मर्यादा महाजन मंडळींनी स्वतः होऊन पाळली, तर देवळाच्या प्रांगणात पडदा पुढेही वर जात राहील, आणि पुढच्या रांगेतील मुलांस म्हातारपणीही नांदीचे सूर ऐकू येतील.